तापल्या पोराच्या तोंडात घास कोंबू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्याच्या पानावर तापात भूक का लागत नाही यावर मजकूर आला होता. तापात पोट बिघडतं, पचनाचा जोर जातो, तेव्हा भूक वाढवणारं टॉनिक सुरू करावं, असा त्याचा सूर होता. त्याच पानावर खाली तसल्याच एका टॉनिकची जाहिरात होती, तो योगायोग असेल. मी माणसांचा डॉक्टर नाही. चौतीस वर्षं पशुसंगोपन खात्यात काढली, त्यातली बरीचशी खानापूर तालुक्यात, जांबोटी-कणकुंबीच्या पावसात. लोक मला ढोरांचा डॉक्टर म्हणायचे. खात्याच्या कागदावर मी त्याहून दोन पायऱ्या खाली होतो. तरी ताप आणि भूक या दोन गोष्टी रोज हाताखालून गेल्या, आणि निवृत्तीनंतर त्यांच्यावर मिळेल ते वाचत आलो, म्हणून हे पत्र. लांबलं तर खुशाल कात्री लावा. फक्त जिथं औषधाचं नाव आहे तिथं लावू नका.

जनावराचा ताप गोठ्यात कधी थर्मामीटरनं कळत नाही, दावणीवरून कळतो. झुंजुमुंजू होताना दाराशी सायकल टेकवून माणूस सांगायचा, "डाक्टर, म्हस काल सांजपासनं वैरण खाईना झाल्या बघा. पिंजर तसंच पडलंय." ताप आहे असं एकही गडी म्हणत नसे. मी गोठ्यात शिरलो की आधी कान धरायचो. कान गार, शिंगाचं बूड गार, अंगावरचे केस उभे, नाकपुडी कोरडी, रवंथ बंद. मालक म्हणायचा, "अंग तर गारच लागतंय की वो." मग मागून थर्मामीटर लावला की पारा १०५ च्या पुढं. जनावराचा नेहमीचा पारा १०१ च्या आसपास असतो, म्हणजे चांगला चार अंश ताप. कान गार आणि आत भट्टी, हे कोडं मला नोकरीतली पहिली दहा वर्षं कळलं नव्हतं.

त्याच दहा वर्षांतली एक म्हैस मला आजही आठवते. जांबोटीच्या अलीकडच्या एका वाडीतली, दुसऱ्या वेताची, दुधाला चांगली. तीन दिवस ताप, वैरण बंद. मी इंजेक्शन देऊन आलो आणि सांगायचं तेवढं सांगायला विसरलो. मालक कष्टाळू माणूस. जनावर उपाशी राहिलं तर मरेल या काळजीनं त्यानं बांबूचं नळं घेतलं, दोघांनी मुंडी वर धरली आणि तांदळाची पेज, गूळ, वर थोडं तेल असं सगळं घशात ओतलं. गिळायची ताकद आणि इच्छा दोन्ही नसलेल्या जनावराला मुंडी वर करून पाजलं की पाणी श्वासनळीत उतरतं. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा म्हैस मान लांब करून, तोंड उघडून श्वास घेत होती आणि नाकातून पेजेचे कण येत होते. ती तापानं मेली नाही, पेजेनं मेली. मालकाला मी हे कधी सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं?

आता गेल्या श्रावणातली गोष्ट. नातू सात वर्षांचा, ताप १०३. मी दुपारी बाजारातून आलो तर सुनेनं त्याला मांडीवर आडवा धरलेला, आमच्या मंडळींनी त्याचे गाल दाबलेले, आणि वाटीतला दूधभात चमच्यानं आत जातोय. पोर डोळे मिटून रडतंय, रडताना ठसका लागतोय. मला एकदम ते बांबूचं नळं दिसलं. "अगं सोडा त्याला," म्हटलं. मंडळींचं उत्तर तयार होतं: "पोटाला आधार नको? गोळी काय रिकाम्या पोटावर द्यायची?" वाद संपायच्या आत पोरानं सगळं ओकून टाकलं, दूधभात आणि अर्ध्या तासापूर्वी दिलेलं पॅरासिटामॉलही. पॅरासिटामॉल रिकाम्या पोटी चालतं. मग नेमकं काय साधलं?

आमच्याकडं जेवण हे नुसतं जेवण नसतं. मराठी असो की कन्नड, भेटल्यावर पहिला प्रश्न तोच. शेजारच्या अक्का कुंपणावरून "ऊटा आयता?" विचारतात, आम्ही "जेवलासा काय?" विचारतो. त्यामुळं पोर जेवलं नाही म्हणजे घराचं काहीतरी चुकलं असं बायकांना वाटतं. त्यांचा दोष नाही. दोष त्यांना कारण न सांगणाऱ्यांचा आहे, आणि त्यात मीही आलो.

कारण असं आहे. शरीरात जंतू शिरले की पहाऱ्यावरच्या पांढऱ्या पेशी रक्तात निरोप सोडतात. इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६, टीएनएफ अशी त्यांची नावं. सगळ्यांना मिळून सायटोकाइन म्हणतात. हे निरोप रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन ई-२ नावाचं रसायन तयार करू लागतात. मेंदूच्या तळाशी बदामाएवढा हायपोथॅलॅमस असतो, तिथं हे रसायन जाऊन बसतं. शरीर किती गरम ठेवायचं ते हाच भाग ठरवतो. आपल्या भागातल्या माणसाला हे गुऱ्हाळावरून लगेच समजेल. काहिलीतला रस किती तापवायचा हे गुळव्या ठरवतो, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या नुसता हुकूम पाळतो. हायपोथॅलॅमस हा गुळव्या. प्रोस्टाग्लँडिननं त्याच्या कानात सांगितलं की आज ९८ वर भागणार नाही, १०३ पाहिजे. मग तो सगळ्या शरीराला जाळ वाढवायला लावतो. स्नायू थडथडतात ती हुडहुडी, त्यातून उष्णता निघते. कातडीकडं जाणारं रक्त आवळून धरलं जातं, म्हणजे उष्णता बाहेर पडू नये. म्हणून हातपाय गार आणि आत १०३. म्हशीचे कान गार का असायचे ते मला असं खूप उशिरा उमगलं. थंडी वाजणारं पोर गोधडी मागतं, कारण त्याच्या गुळव्याच्या हिशोबानं ते अजून खरोखरच गार असतं. त्या वेळी गार पाण्याच्या पट्ट्या मारत बसलं की हुडहुडी आणखी वाढते.

पॅरासिटामॉल काय किंवा अ‍ॅस्पिरिन काय, मेंदूत हे प्रोस्टाग्लँडिन तयार होणं कमी करतात. गुळव्याचा हुकूम खाली येतो, घाम फुटतो, अंग निवतं. अ‍ॅस्पिरिन १८९९ पासून बाजारात आहे, आणि ते नेमकं काय करतं हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. बहात्तर वर्षं जग एक गोळी खात होतं आणि ती कशी चालते हे कोणाला ठाऊक नव्हतं. व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

भुकेचंही तसंच आहे, फक्त तिच्याकडं जाणाऱ्या वाटा जास्त आहेत. जे सायटोकाइन ताप चढवतात तेच भूक बंद करतात. टीएनएफचं जुनं नाव कॅशेक्टिन, म्हणजे झिजवणारा. त्याची गोष्ट ढोरांच्या धंद्यातल्या माणसाला रस वाटावा अशी आहे. आमच्याकडं सर्रा म्हणून रोग आहे. गोमाशा चावून होतो, मधूनमधून ताप येतो, जनावर झिजत जातं. त्याचा जंतू ग्रिफिथ एव्हान्स या पशुवैद्यानं १८८० साली पंजाबात शोधला. त्या जंतूच्या चुलतभावाची लागण सशांना करून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अँथनी सेरामी बघत होते. रक्तात जंतू मोजके, आणि ससा मात्र हाडांचा सापळा. जंतूनं खाल्लं म्हणावं तर जंतू एवढेसे. मग झिजवतंय कोण? १९८५ पर्यंत सेरामी आणि ब्रूस ब्युटलर यांना उलगडा झाला: सशाच्या स्वतःच्याच पेशींनी सोडलेला पदार्थ, आणि तो म्हणजे आधीच वेगळ्या कारणानं माहीत असलेला टीएनएफ. सर्ऱ्यानं खंगलेल्या म्हशीकडं बघून मी वर्षानुवर्षं मालकाला "जंतूनं रक्त पिलंय" असं सांगत आलो. निम्मंच खरं होतं ते.

हे निरोप मेंदूत दोन मार्गांनी जातात. एक टपाल, एक तार. टपाल म्हणजे रक्त. तार म्हणजे नस. २०२३ मध्ये हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी फ्लू झालेल्या उंदरांत ही तार शोधून काढली. श्वासमार्गात विषाणूमुळं तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन ई-२ घशातल्या काही मोजक्या चेतापेशींना कळतं आणि त्या थेट मेंदूच्या देठाला वर्दी देतात. त्या पेशी काढून टाकल्यावर फ्लू झालेले उंदीरही बऱ्यापैकी खात-पीत होते. त्याच्या आदल्या वर्षी जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेनं (१९९४ मध्ये लेप्टिन हे भूक आवरणारं संप्रेरक शोधणारे तेच) मेंदूच्या देठातल्याच एका पेशीगटाबद्दल लिहिलं. निरोगी उंदरात त्या पेशी मुद्दाम जागवल्या तर उंदीर खाणं-पिणं टाकून कोपऱ्यात बसला. अंगात एक जंतू नाही, पोट ठणठणीत, आणि तरी आजारी. आपल्या लेखात पोट बिघडल्याचं जे लिहिलं होतं त्याला माझं उत्तर एवढंच आहे. पोटाकडं बोट दाखवू नका, हुकूम वरून आलेला आहे.

विडी ओढणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय माहीत असतं. निपाणीकडचा माझा एक मेहुणा म्हणायचा, "विडी नको वाटली म्हंजे ताप खरा." दिवसाला बंडल संपवणारा माणूस ताप आला की विडीकडं बघत नसे. २००६ साली कर्नाटकात चिकुनगुनियाची मोठी साथ आली तेव्हा मलाही झाला होता. सांधे तर गेलेच, पण मला आठवतो तो चहा. तीन दिवस चहाचा वाससुद्धा नको वाटत होता, आणि मी असा माणूस की पोस्टमॉर्टेम करून हात धुतल्याबरोबर चहा मागणारा.

शरीर असं का करतं? ताप म्हणजे खर्च. तापमान एक अंश सेल्सिअसनं वाढलं की शरीराचा जाळ दहा-बारा टक्क्यांनी वाढतो. खर्च वाढलेला असताना आवक बंद करायची, हा कुठला शहाणपणा? १९८८ साली कॅलिफोर्नियातल्या बेंजामिन हार्ट यांनी यावर एक लेख लिहिला. हार्ट पशुवैद्य, म्हणजे आमच्याच धंद्यातला माणूस, याचा मला उगीच अभिमान वाटतो. त्यांचं म्हणणं असं की आजारी जनावर सुस्त पडतं, खात नाही, कळपातून बाजूला होतं, अंग चाटत नाही, हे रोगामुळं आलेलं दुबळेपण समजू नये. ती शरीराची ठरलेली चाल आहे. चरायला हिंडायचं नाही, ताकद तापाला द्यायची, जंतूंना लागणारं लोह आतच दडवून ठेवायचं. त्याआधी १९७५ मध्ये मॅथ्यू क्लुगर यांनी वाळवंटातल्या इग्वाना सरड्यांवर प्रयोग केला होता. सरड्याला आपल्यासारखा आतून ताप आणता येत नाही. पण जंतू टोचल्यावर सरडे आपणहून जास्त ऊन जागी जाऊन बसतात, आणि ज्यांना जास्त उबेत ठेवलं ते जास्त जगले. आमच्या शेताच्या बांधावरचा सरडा उन्हात मान हलवताना दिसला की मला हल्ली शंका येते, याला ताप तर नसेल?

आता टॉनिकवर येतो, कारण पत्राचं मूळ तेच. नातवाला दुसऱ्या दिवशी मुलगा एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथून तीन बाटल्या आल्या. त्यातली तिसरी भुकेची. लेबलवर बारीक अक्षरात सायप्रोहेप्टाडिन. हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिन आणि हिस्टामाइन या दोन रसायनांची वाट अडवतं. सेरोटोनिन भुकेला लगाम घालतं, तो लगाम सैल केला की भूक वाढते, असा त्याचा हिशोब. पण हिस्टामाइन माणसाला जागं ठेवतं. त्याची वाट अडली की झोप येते. हे सर्दी-खाजेच्या गोळ्यांच्याच जातीतलं औषध आहे. दोन डोस झाल्यावर पोर दुपारी चार वाजता असं झोपलं की हाक मारली तर डोळे अर्धे उघडून परत मिटायचं. ताप आणि गुंगी एकत्र दिसली की ती धोक्याची खूण, एवढं मी जनावरांवरूनही जाणतो. मेंदूला सूज? डेंग्यू? बाहेर मुसळधार पाऊस, लाइट गेलेली, रस्त्यावर पाणी. शेजाऱ्याची ओमनी काढून आम्ही पोराला बेळगावला नेलं. वाटेत मंडळी देवाचं नाव घेत होती आणि मी पोराच्या पापण्या उचलून बघत होतो. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पोराला तपासलं, मान वाकवून बघितली, रक्त घेतलं, आणि मग पिशवीतल्या बाटल्या एकेक करून वाचल्या. तिसरी बाटली हातात धरून म्हणाल्या, "हे कशाला दिलंय तापात?" पहाटेपर्यंत गुंगी उतरली. साधा विषाणूचा ताप निघाला.

त्या डॉक्टरचं नाव मी लिहीत नाही, लिहूनही उपयोग नाही. तसल्या बाटल्या किराणा मालासारख्या खपतात आणि आयाच मागून घेतात. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. मेंदूनं एका कारणासाठी भूक बंद केलेली असते, आणि आपण दुसरं रसायन घालून ती जबरदस्तीनं उघडायला बघतो. वर त्या रसायनानं आलेली गुंगी तापाच्या धोक्याच्या खुणेसारखीच दिसते. ज्या एका गोष्टीवर लक्ष ठेवायचं, पोर शुद्धीवर आहे की नाही, त्यावरच पडदा.

याचा अर्थ लंघन करा असाही नाही. आमच्याकडं तो दुसरा पक्षही जोरात आहे. "लंघनं परमौषधम्" म्हणायचं आणि पोराला चार दिवस खडीसाखरेच्या पाण्यावर ठेवायचं. माझ्या आत्याला लहानपणी मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, झाला होता. एकवीस दिवस तिला साबुदाण्याच्या पाण्यापलीकडं काही दिलं नाही. ताप उतरला तेव्हा तिला उचलून बसवावं लागायचं, आणि डोक्यावरचे केस हातात यायचे. त्या काळी विलायतेतले डॉक्टरही तेच करायचे. एकोणिसाव्या शतकात डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्हज त्याविरुद्ध उभे राहिले. माझ्या थडग्यावर "यानं तापकऱ्यांना जेवू घातलं" एवढंच लिहा, असं ते म्हणाल्याचं सांगतात. २०१६ मध्ये येल विद्यापीठात रुस्लान मेड्झिटॉव्ह यांच्या गटानं उंदरांवर बघितलं तेव्हा दोन्ही पक्ष थोडे खरे आणि थोडे खोटे निघाले. जिवाणूची लागण झालेल्या उंदरांना साखर भरवली तर ते जास्त मेले. फ्लूची लागण झालेल्यांना खायला घातलं तर जास्त वाचले. उंदरांवरून थेट आपल्या पोरांचा आहार ठरवता येत नाही, हे मान्य. पण "ताप म्हटलं की भरवा" आणि "ताप म्हटलं की उपाशी ठेवा" ही दोन्ही हुकमी वाक्यं जपून वापरावीत एवढं त्यातून निघतं.

घरात मग काय करायचं? पोराला विचारायचं, मागेल ते थोडं द्यायचं, नको म्हटलं की वाटी बाजूला. पाणी मात्र सोडायचं नाही. घोटघोट पाणी, मीठसाखरेचं पाणी, ताक, पातळ पेज. अंगावर पिणारं बाळ असेल तर त्याला पुन्हा पुन्हा छातीशी घ्यायचं, त्याला हे लंघनाचं-बिंघनाचं काही लागू नाही. पोर किती जेवलं ते मोजत बसू नका, लघवी किती वेळा झाली ते मोजा. सहा-आठ तास लघवी नाही, हाक मारल्यावर नीट जागं होत नाही, उलट्या थांबत नाहीत, पोटात जोरात दुखतंय, हिरड्यांतून किंवा कुठूनही रक्त येतंय, मान ताठ झाली आहे, झटका आला, तर पाऊस असो की रात्र, दवाखाना गाठा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप असला तरी थांबू नका. आणि डेंग्यूत ताप उतरला की लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण खरी जोखमीची वेळ त्याच एक-दोन दिवसांत असते. ताप उतरूनही पोर मलूल असेल तर तो बरं झाल्याचा पुरावा समजू नका.

आणखी एक. ताप आला की दुकानातून "अंगदुखीची जोरदार गोळी" आणायची सवय आपल्या खेड्यांत फार आहे. डेंग्यूची शंका असताना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नये, रक्तस्राव वाढतो. लहान पोरांना विषाणूच्या तापात अ‍ॅस्पिरिन तर मुळीच नाही. पॅरासिटामॉलचं माप पोराच्या वजनावर असतं आणि ते माणसांच्या डॉक्टरनं सांगावं, मी सांगणार नाही.

डायक्लोफिनॅकचं नाव निघालं म्हणून एक कबुली देतो. तिव्याला, म्हणजे गाई-म्हशींच्या तीन दिवसांच्या तापाला, आम्ही हे इंजेक्शन सर्रास द्यायचो. परिणाम बघण्यासारखा असायचा. प्रोस्टाग्लँडिन दबलं की ताप उतरायचा, लंगडणारी गाय पाय टेकायची, संध्याकाळपर्यंत वैरणीला तोंड लावायची, आणि आमचं नाव व्हायचं. पण औषध दिलेलं एखादं जनावर दोन-तीन दिवसांत मेलं आणि माळावर टाकलं की त्याच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जायचं आणि त्यांची मूत्रपिंडं बंद पडायची. २००६ साली सरकारनं जनावरांसाठी त्यावर बंदी घातली, पुढं त्याच्या जागी आम्हाला मेलॉक्सिकॅम आलं. तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. आमच्या तालुक्यात ढोर टाकलं की तासाभरात आभाळात घिरट्या सुरू व्हायच्या. आता दोन दिवस कुत्री ओढत असतात. मेंदूतल्या एका रसायनाशी आपण खेळतो तेव्हा त्याचं टोक कुठं निघेल हे आमच्यासारख्या इंजेक्शनवाल्यांना कळत नाही, हे मी स्वतःच्या हातांनी शिकलो.

आपल्याला विनंती अशी. आमच्या भागातल्या दवाखान्यांच्या भिंतींवर तापाची जी पत्रकं लागतात ती बहुतेक कन्नडात असतात. आमच्या नातवाला ती वाचता येतात, त्याला भरवणाऱ्या आजीला येत नाहीत. तिच्या हातात आपला पेपर येतो. वर लिहिलेल्या धोक्याच्या खुणा एखाद्या बालरोगतज्ज्ञाकडून तपासून घेऊन चौकटीत छापल्या, मोठ्या अक्षरात, मराठीत, तर ती चौकट कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवणाऱ्या बायका मला ठाऊक आहेत. आमच्या घरात एक आहे. त्याच पानावर भुकेच्या टॉनिकची जाहिरात नसावी, एवढी कृपा करा.

नातवाचं म्हणाल तर चौथ्या दिवशी संध्याकाळी तो उठून स्वयंपाकघरात आला आणि आज्जीला म्हणाला, "पेजंत लोणच्याचा खार घाल." मंडळींनी माझ्याकडं बघितलं, मी काही बोललो नाही. पेज कशी करायची ते मात्र आपल्या पानावर छापू नका. त्यावरून आमच्याच घरात दोन पक्ष आहेत, एक जिऱ्याच्या फोडणीचा आणि एक नुसत्या मिठाचा, आणि नातू सध्या दोघांनाही हो म्हणतो आहे.

आपला,
एक निवृत्त पशुधन कर्मचारी,
ता. खानापूर, जि. बेळगाव
(नाव छापू नये ही विनंती. ज्यांची म्हैस गेली ते गृहस्थ अजून आपला पेपर वाचतात.)